शेकडो डेव्हलपर, एक सीआय: मोठ्या कंपनीत बिल्ड यंत्रणा कशी चालवावी

हिंजवडी घ्या, खराडी घ्या, मगरपट्टा घ्या, कुठल्याही मोठ्या ऑफिसात संध्याकाळी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अरे, परत रन कर, होईल पास." बिल्ड, म्हणजे नवीन कोड जोडून तपासण्याची आपोआप होणारी फेरी, लाल (नापास) झालेली असते, लॉग (त्या फेरीची नोंद) कोणी उघडलेला नसतो, बटण पुन्हा दाबलं जातं आणि बऱ्याचदा ती खरंच हिरवी होते. पाच-सात जणांच्या टीममध्ये हे खपून जातं. चारशे-पाचशे डेव्हलपर असतील तिथे ही सवय लागली, की खरा बग पकडणारी लाल बिल्डसुद्धा कोणी गंभीरपणे घेत नाही.

या बिल्ड चालवणारी यंत्रणा म्हणजे सीआय (कंटिन्युअस इंटिग्रेशन). "सीआय आता तुम्ही बघा" असं म्हणून ज्यांच्या गळ्यात ही जबाबदारी पडली आहे, त्यांच्यासाठी हा लेख. माझं मत आधीच सांगतो. बिल्ड लाल झाली म्हणजे "माझ्या बदलात चूक आहे" असं डेव्हलपरला बिनशंका वाटलं पाहिजे. मोठ्या कंपनीत सीआय चालवणाऱ्यांचं मुख्य काम हेच. टूल कोणतं, मशीन किती, हे प्रश्न त्यानंतरचे. खालच्या पायऱ्यांचा क्रमही त्याच हिशेबाने लावला आहे.

१. मोजदाद

मोठ्या कंपनीत सीआय कधीच एक नसते. विकत घेतलेल्या कंपनीबरोबर आलेला एक सर्व्हर असतो, क्लायंटच्या नेटवर्कमध्ये दुसरा, आणि कोणाच्या तरी डेस्कखाली ठेवलेल्या मशीनवर रिलीज बिल्ड चाललेली असते. एक तक्ता करा: सर्व्हर कुठे आहे, व्हर्जन कोणतं, जॉब (सीआयवर लावलेली कामं) किती, त्यात कोणते पासवर्ड आणि टोकन साठवले आहेत, मालक कोण. मालकाच्या रकान्यात टीमचं नाव लिहा, माणसाचं नको. नोटीस पीरियड संपला की माणूस जातो आणि जॉब अनाथ होतो.

तीन महिन्यांत एकदाही न चाललेले जॉब बंद करा, पण लगेच डिलीट करू नका. मार्चअखेरीला वर्षातून एकदाच चालणारा फायनान्सचा जॉब त्यातच दडलेला असतो.

२. वेळ कुठे जातो ते पाहा

तीन गोष्टी मोजायच्या: बिल्ड रांगेत किती थांबली, चालायला किती वेळ लागला, आणि लाल झाली तर का. सरासरी पाहू नका. सरासरी चार मिनिटं असूनही दुपारी तीन वाजता लोक अर्धा तास ताटकळत असू शकतात. शंभरातल्या पंच्याण्णव बिल्ड किती वेळात सुटल्या, हा आकडा पाहा, आणि तोही तासागणिक.

मग एकच लॉग घ्या आणि वेळेच्या नोंदी ओळीने वाचा. समजा, जावा सर्व्हिसची एक बिल्ड आहे. १०:०२ ला कोड पुश झाला (सर्व्हरवर चढवला). १०:०९ पर्यंत ती रांगेतच होती. १०:१३ पर्यंत डॉकर इमेज (कंटेनर नावाच्या बंदिस्त वातावरणाचा साचा) उतरत होती, १०:१८ पर्यंत मेव्हन हे जावाचं बिल्ड टूल लायब्रऱ्या ओढत होतं. कंपाइल १०:२१ ला संपलं, टेस्ट १०:२८ ला. एकूण २६ मिनिटं, त्यातली १६ कोडला हात लागायच्या आधीच गेली. अशा वेळी टीम वेगवान मशीन मागते. दुप्पट वेगाचं मशीन दिलं, तरी कंपाइल आणि टेस्टच्या १० मिनिटांतली फार तर ५ वाचतील. रांग आणि डाउनलोड तसेच राहतील. खर्चाची फाइल वर पाठवण्याआधी हा हिशेब स्वतः करा.

३. लाल बिल्ड दोन ढिगांत वेगळ्या करा

सगळ्यात जास्त फायदा या पायरीत आहे, आणि बहुतेक ठिकाणी हीच केलेली नसते. बिल्ड तुटण्याची कारणं दोन प्रकारची. कंपाइल होत नाही, टेस्ट पडते, लिंटर (कोडची मांडणी तपासणारं टूल) तक्रार करतो, ही डेव्हलपरची. डिस्क भरली, एजंटचा (बिल्ड चालवणाऱ्या मशीनचा) संपर्क तुटला, रजिस्ट्रीने (पॅकेज आणि इमेजच्या साठ्याने) वेळेत उत्तर दिलं नाही, प्रॉक्सीचं सर्टिफिकेट मशीनने ओळखलं नाही, ही तुमची. दोन्ही एकाच लाल रंगात दाखवलीत, तर "परत रन कर" ही सवय तुम्हीच लावता.

वेगळं करायला सुरुवातीला काही हुशार यंत्रणा लागत नाही. फसलेल्या बिल्डचा लॉग शेवटाकडून वाचणारी एक छोटी स्क्रिप्ट पुरते. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" दिसलं, तर यंत्रणेचा दोष. "कनेक्शन रिसेट" दिसलं आणि पायरी डाउनलोडची होती, तर यंत्रणेचा. एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) १३७ म्हणजे प्रोसेसला सिग्नल ९ ने, म्हणजे सक्तीने, मारलं, आणि कंटेनरमध्ये याचा अर्थ बहुधा मेमरी संपली असा असतो. हा कोड पाहून डेव्हलपर तासन्‌तास स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलेले दिसतात. त्यांना स्क्रीनवर सरळ "मेमरी कमी पडली" असं लिहून दाखवा. मात्र मेमरी त्या बदलामुळेच वाढली असेल, तर तो दोष त्यांचा. म्हणून १३७ ला तिसऱ्या, 'तपासा' या ढिगात टाका.

यंत्रणेचा दोष असेल, तर बिल्ड वेगळ्या रंगात दाखवा, एकदा आपोआप पुन्हा चालवा आणि निरोप डेव्हलपरला न पाठवता तुमच्या चॅनेलवर पाठवा. 'तपासा' ढीग दर आठवड्याला माणसाने डोळ्यांखालून घालायचा आणि नवीन नमुने स्क्रिप्टमध्ये घालायचे.

४. मशीन किती, केव्हा, कोणाची

"मशीन ९० टक्के वापरात आहेत, म्हणजे पैसे वसूल" असं मॅनेजमेंटला वाटतं. रांगेचं गणित उलटं सांगतं. एकच मशीन आहे, कामं कधीही येतात आणि त्यांचा वेळ कमी-जास्त होतो असं धरलं, तर मशीन ५० टक्के व्यस्त असताना सरासरी थांबण्याचा वेळ एका बिल्डच्या वेळेइतका असतो. ८० टक्क्यांना तो चौपट होतो, ९० टक्क्यांना नऊपट. मशीन जास्त असली की हा चटका कमी बसतो, म्हणून प्रत्येक टीमला स्वतःची चार मशीन वाटून देण्यापेक्षा सगळ्यांचा एक सामाईक पूल ठेवणं केव्हाही चांगलं. टीम यावर वाद घालतील. त्यांना त्यांच्याच रांगेचा आलेख दाखवा.

पुण्यात वेळेचा एक खास घोळ असतो. मुख्य ऑफिस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असेल, तर तिथल्या मध्यरात्रीला लावलेल्या नाइटली (रोज रात्रीच्या) बिल्ड आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतात. इथले लोक जेवून परत येतात तेव्हा सगळे एजंट अडकलेले असतात, आणि "दुपारी सीआय स्लो असते" ही तक्रार वर्षानुवर्षं कारणाशिवाय फिरत राहते. जर्मनीतल्या मध्यरात्री मात्र आपल्याकडे पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात, त्याचा त्रास नाही. सगळे वेळापत्रकी जॉब एका तक्त्यात भारतीय वेळेनुसार मांडा. गर्दी लगेच दिसेल. जेनकिन्स या सीआय टूलमध्ये वेळ लिहिताना मिनिटाच्या जागी शून्याऐवजी 'एच' हे अक्षर वापरलं, की जेनकिन्स जॉबच्या नावावरून मिनिट ठरवतं आणि सगळे जॉब एकाच क्षणी उठत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करून टाका.

एजंट एका बिल्डपुरता असावा: बिल्ड आली की नवीन कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीन उभं राहतं, काम संपलं की नष्ट होतं. महिनोन्‌महिने चालू असलेल्या एजंटवर कोणीतरी हाताने टाकलेलं पायथनचं जुनं व्हर्जन असतं, आणि बिल्ड त्याच एका मशीनवर पास होते.

चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या वाहन कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मात्र हे पूर्ण लागू होत नाही. हार्डवेअर-इन-द-लूप बेंच (खऱ्या हार्डवेअरवर सॉफ्टवेअर तपासायचं टेबल) क्लाउडमध्ये उभा करता येत नाही, तो लॅबमध्ये एकच असतो आणि त्याच्यावर खरा ईसीयू (गाडीतला नियंत्रण संगणक) बसवलेला असतो. तिथे पाइपलाइनचे (बिल्डच्या पायऱ्यांच्या साखळीचे) दोन तुकडे करा. कंपाइल, स्टॅटिक ॲनालिसिस (कोड न चालवता केलेली तपासणी) आणि युनिट टेस्ट सामाईक पूलवर चालू द्या. त्या पास झाल्या तरच बेंचच्या रांगेत जागा मिळेल. प्रत्येक टेस्टच्या आधी बेंचचा वीजपुरवठा सॉफ्टवेअरने बंद-चालू करून ईसीयू ठाऊक असलेल्या स्थितीत आणा. महागड्या कंपायलरची लायसन्स मोजकीच असतात. दहा लायसन्स असतील, तर एका वेळी दहाच बिल्ड चालतील असं कुलूप सीआयमध्ये लावा. अकरावी बिल्ड रांगेत थांबली तर चालेल, लायसन्स नाही म्हणून लाल होता कामा नये.

५. कंट्रोलर

जेनकिन्सचा जन्म सन मायक्रोसिस्टम्समधला. कोहसुके कावागुची यांनी ते हडसन नावाने सुरू केलं आणि ओरॅकलशी झालेल्या वादानंतर २०११ मध्ये त्याचं नाव जेनकिन्स झालं. जॉब आणि बिल्डची माहिती ते डिस्कवर फाइलींमध्ये ठेवतं, आणि एका इन्स्टॉलेशनला एकच कंट्रोलर (एजंटना कामं वाटणारा मुख्य सर्व्हर) असतो. त्यामुळे सगळी कंपनी एका कंट्रोलरवर चढवलीत, की एका टीमच्या प्लगिनने सगळे झोपतात. विभागवार कंट्रोलर करा, पण सगळ्यांची सेटिंग एकाच रेपोमधल्या (कोडच्या साठ्यातल्या) फाइलींतून येऊ द्या. हाताने क्लिक करून बदललेलं सेटिंग पुढच्या वेळी पुसलं गेलं पाहिजे. कंट्रोलरवरच बिल्ड चालू देऊ नका, तिथले एक्झिक्युटर (बिल्ड चालवायच्या जागा) शून्य ठेवा. जुन्या बिल्ड आपोआप पुसल्या जातील अशी मर्यादा घाला. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नका. तिमाहीतून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उभा करून पाहा.

अपग्रेडचा दिवस ठरलेला असावा. पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहणार हे महापालिका आधी जाहीर करते, म्हणून लोक बुधवारी भरून ठेवतात. सीआयची देखभाल अशीच आधी सांगून, ठरलेल्या वारी करा. जेनकिन्सची नवी एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) मालिका दर १२ आठवड्यांनी येते. ती आधी चाचणीच्या कंट्रोलरवर चढवा, तिथे कंपनीतल्या दहा प्रातिनिधिक पाइपलाइन चालवा, मगच पुढे जा.

६. बाहेरच्या जगावर अवलंबून राहू नका

मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या साठ्यावरून काढून घेतलं आणि जगभरच्या बिल्ड तुटल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने (डॉकर इमेजच्या सार्वजनिक साठ्याने) ओळख न देता इमेज ओढणाऱ्यांवर दर सहा तासांना १०० ची मर्यादा घातली, आणि ती मोजली जाते आयपी पत्त्यावरून. अख्खं ऑफिस एकाच आयपीवरून बाहेर पडत असेल, तर सकाळचे शंभर पुल (इमेज ओढण्याच्या वेळा) संपायला वेळ लागत नाही. नंतर या मर्यादा बदलत गेल्या, पण उपाय तोच: मेव्हन, एनपीएम, पायथन, डॉकर या सगळ्यांसाठी आपला आरसा-सर्व्हर (बाहेरच्या पॅकेजच्या प्रती ठेवणारा) मध्ये ठेवा आणि एजंटना थेट इंटरनेट बंद करा. बंद केल्याशिवाय कोण थेट बाहेर जातंय ते कळत नाही.

आरसा एजंटच्या जवळ हवा. पुणे ते अमेरिका एका फेरीला साधारण २०० मिलिसेकंद किंवा जास्त लागतात. हजारो छोट्या फाइली ओढणारी बिल्ड त्यातच मरते. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा 'सेंट्रल इंडिया' विभाग पुण्यातच आहे, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचा एक मुंबईत. एजंट, आरसा आणि गिटची (कोडच्या साठ्याची) वाचनापुरती प्रत, तिन्ही एकाच विभागात ठेवा.

७. टेम्प्लेट

पाचशे रेपोंत पाचशे वेगवेगळ्या पाइपलाइन सांभाळणं अशक्य आहे. जावा, नोड, पायथन, सी++ अशी चार-सहा सामाईक टेम्प्लेट लिहा. त्यांना व्हर्जन द्या, नवीन व्हर्जन आधी तयार असलेल्या दोन-तीन टीमना द्या, आठवडाभराने सगळ्यांना. ज्यांना टेम्प्लेट बसत नाही त्यांना वेगळं लिहू द्या, फक्त कारण नोंदवायला सांगा. एकच कारण तीन टीमनी दिलं, तर टेम्प्लेट बदला.

८. फ्लेकी टेस्ट

कोड तोच, तरी कधी पास कधी फेल, अशी टेस्ट. एक साधं गणित मांडा. हजार टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजारात एकदाच विनाकारण पडते. तर सगळ्या एकत्र पास होण्याची शक्यता फक्त ३७ टक्के. म्हणजे काहीच चुकलेलं नसताना दर तीनपैकी जवळपास दोन बिल्ड लाल. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमी-अधिक फ्लेकीपणा आहे. तेव्हा आपल्याकडे नाहीत असं समजू नका.

फक्त पडलेलीच टेस्ट एकदा पुन्हा चालवली, तर वरच्या गणितात ९९.९ टक्के बिल्ड हिरव्या होतात. म्हणून टेस्टच्या पातळीवर एक रिट्राय जरूर ठेवा, पण तो लपवू नका. एकाच कमिटवर (कोडच्या एकाच नोंदलेल्या स्थितीवर) जी टेस्ट पडली आणि पासही झाली, तिची नोंद आपोआप झाली पाहिजे. नोंदी वाढल्या की ती टेस्ट क्वारंटाइनमध्ये टाका: चालेल, पण बिल्ड अडवणार नाही. त्याच दिवशी मालक टीमच्या नावे तिकीट काढा, मुदत दोन आठवडे. मुदतीत दुरुस्त झाली नाही तर टेस्ट काढून टाका. हा निर्णय कडू लागतो, आणि मला तो योग्यच वाटतो. ज्या टेस्टवर कोणाचा विश्वास नाही ती कशाचंही रक्षण करत नाही. क्वारंटाइनमधल्या टेस्टची संख्या मात्र दर महिन्याला टीमच्या प्रमुखांना दाखवा, नाहीतर ते अडगळीचं कपाट होतं.

कारणं बहुधा ओळखीचीच निघतात: ठरावीक सेकंद थांबणारा कोड, दोन टेस्टनी वापरलेला एकच डेटाबेस, टेस्टच्या क्रमावरचं अवलंबित्व. आपल्याकडे आणखी एक असतं. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात भारतात तारीख बदललेली असते, यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ती आदल्या दिवसाचीच असते. अर्धा कोड स्थानिक तारीख वाचतो, अर्धा यूटीसी, आणि "आजची ऑर्डर" तपासणारी टेस्ट रात्री दोनच्या बिल्डमध्ये पडते. सकाळी दहाला चालवली की पास. एखादी टेस्ट फक्त रात्रीच पडत असेल, तर घड्याळ आधी तपासा.

९. मर्जची रांग

दोन बदल वेगवेगळे हिरवे असतात आणि एकत्र आल्यावर मुख्य ब्रांच (सगळ्यांच्या कोडची सामाईक शाखा) तुटते. यावर उपाय मर्ज क्यू: प्रत्येक बदल मुख्य ब्रांचच्या ताज्या स्थितीवर तपासूनच आत. पण बिल्ड २० मिनिटांची असेल, तर आठ तासांत एकामागून एक फक्त २४ बदल आत जातात. पाच-पाचचे गट करून तपासले, तर १२० पर्यंत जाता येतं. गट लाल झाला की तो अर्धा-अर्धा करून दोषी शोधायचा. फ्लेकी टेस्ट आवरल्याशिवाय ही रांग सुरू करू नका. एकेक बदल विनाकारण पडण्याची शक्यता ५ टक्के धरली, तरी पाचाचा गट साधारण २३ टक्के वेळा पडतो आणि निर्दोष चौघे अडकतात.

१०. गुपितं

सीआयकडे प्रॉडक्शनच्या किल्ल्या असतात आणि ती रोज अनोळखी कोड चालवते. २०२१ मध्ये कोडकव्ह या टेस्ट किती कोड तपासतात ते मोजणाऱ्या सेवेच्या अपलोड स्क्रिप्टमध्ये फेरफार झाला आणि ती वापरणाऱ्यांच्या बिल्डमधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ज्यात पासवर्ड आणि टोकनही असतात) बाहेर गेले. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या एका लोकप्रिय ॲक्शनचे (पाइपलाइनच्या तयार पायरीचे) टॅग (व्हर्जनची नावं) हल्लेखोरांनी घातक कमिटकडे वळवले; ज्यांनी टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश (त्या कोडची न बदलणारी ओळख) लिहिला होता ते बहुतांशी वाचले. तेव्हा बाहेरचं काहीही हॅशनेच बांधा. कायमस्वरूपी क्लाउड की काढून टाका, त्याऐवजी ओआयडीसी या ओळख पटवण्याच्या पद्धतीने प्रत्येक बिल्डला काही मिनिटांचं टोकन द्या. पुल रिक्वेस्ट (बदल आत घेण्याची विनंती) तपासणारे एजंट आणि रिलीज करणारे एजंट एकाच नेटवर्कमध्ये ठेवू नका.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कोणी, केव्हा, कोणत्या कमिटवरून काय रिलीज केलं, हा लॉग त्या मुदतीत सापडेल ना, ते सिक्युरिटी टीमबरोबर बसून एकदा तपासून घ्या.

११. जुन्यावरून नव्यावर

नवीन टूलवर जायचं असेल, तर तारीख जाहीर करून सगळ्यांना एकदम ढकलू नका. आधी एक सोपी आणि एक अवघड टीम घ्या. अवघड टीम मुद्दाम पहिल्या दोनात घ्या, कारण सगळ्यात विचित्र गरजा तिच्याकडेच असतात. दोन आठवडे जुनी आणि नवी पाइपलाइन शेजारी-शेजारी चालवा आणि निकाल जुळतात का ते पाहा. मर्ज अडवण्याचा अधिकार तोपर्यंत जुनीकडेच. शेवटच्या दहा टक्के टीमना तुमचा माणूस शेजारी बसवूनच आणावं लागतं, त्याचा वेळ आराखड्यात आधीच धरा. जुना सर्व्हर आधी फक्त वाचण्यापुरता करा, मग बंद.

१२. माणसं आणि ऑन-कॉल

हे काम कोणाच्या तरी उरलेल्या वेळात होत नाही. वेगळी टीम हवी, आणि तिने वापरणाऱ्यांना लेखी शब्द द्यायला हवा: कामाच्या वेळात शंभरातल्या पंच्याण्णव बिल्ड अमुक मिनिटांत रांगेतून सुटतील, यंत्रणेमुळे लाल झालेल्या बिल्ड अमुक टक्क्यांच्या खाली राहतील. शब्द मोडला, तर नवीन फीचर थांबवून आधी ते दुरुस्त करायचं.

ऑन-कॉलचं (बिघाड झाला तर धावून येण्याच्या पाळ्यांचं) रोस्टर वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर पाहून लावा. गणपतीचे दहा दिवस, दिवाळी आणि मार्चअखेर या काळात कंट्रोलर किंवा टेम्प्लेटमध्ये मोठे बदल नकोत. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, मध्यवर्ती पुण्यातले रस्ते बंद असतात, आणि ढोल-ताशा पथकात असलेला तुमचा इंजिनीअर त्या दिवशी लॅपटॉप उघडणार नाही, त्याने उघडूही नये. त्या दोन दिवसांची जबाबदारी दुसऱ्या शहरातल्या ऑफिसकडे द्या आणि त्यांच्या सणाला तुम्ही उभे राहा. रात्री उठावं लागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा रोस्टरमध्येच लिहून ठेवा, ती मॅनेजरच्या मर्जीवर सोडू नका.